सेंद्रिय अन्न, रुग्णाची मिळकत आणि वैद्याचा सल्ला

आहारावाचून चिकित्सा पूर्ण होत नाही, हे आयुर्वेदीय वैद्यास निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. औषधाच्या पुड्या बांधून झाल्या की पथ्यापथ्याचा कागद लिहावयाचा, हा आपल्या व्यवसायाचा नित्यक्रमच आहे. गेल्या काही वर्षांत मात्र या कागदावर एक नवीन ओळ येऊन बसली आहे. 'शक्यतो सर्व धान्य, भाजीपाला व फळे सेंद्रियच घ्यावीत,' अशी ती ओळ. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु हा कागद ज्याच्या हाती पडतो, त्याची मिळकत किती, घरात खाणारी तोंडे किती आणि महिन्याच्या किराण्यास तो किती रक्कम बाजूला काढू शकतो, याचा विचार ही ओळ लिहिताना क्वचितच झालेला असतो.

सधन रुग्ण ती ओळ वाचून मान डोलावतो व दुकान बदलतो. बेताच्या मिळकतीचा रुग्ण मात्र पेचात पडतो. वैद्याचे म्हणणे पाळावे तर डाळीचे, दुधाचे किंवा फळांचे प्रमाण कमी करावे लागते. न पाळावे तर आपण घरातल्यांना विष खाऊ घालीत आहोत, अशी टोचणी मनास लागून राहते. या दोन्ही गोष्टी आरोग्यास हितकर नाहीत. 'सगळेच सेंद्रिय परवडत नाही, मग काय घ्यावे आणि काय राहू द्यावे?' हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर देणे हे वैद्याचे कर्तव्य असून ते टाळून सरसकट उपदेश करणे योग्य नव्हे, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची दिशा व्यवसायबंधूंपुढे मांडण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

'सेंद्रिय' या शब्दाचा अर्थ

बाजारात आज 'सेंद्रिय', 'नैसर्गिक', 'विषमुक्त', 'गावरान', 'देशी' हे सर्व शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. ग्राहकाच्या दृष्टीने त्या सर्वांचा अर्थ एकच, तो म्हणजे चांगले आणि महाग. वस्तुतः हे शब्द भिन्न आहेत. 'गावरान' किंवा 'देशी' हा वाणाचा उल्लेख झाला. देशी वाणावरही रासायनिक फवारणी होऊ शकते. 'सेंद्रिय' या शब्दास मात्र आपल्या देशात कायद्याचे अधिष्ठान आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय अन्नाविषयीचे विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालामागे दोहोंपैकी एक व्यवस्था असावी लागते. पहिली व्यवस्था म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील तिसऱ्या पक्षाचे प्रमाणीकरण. दुसरी म्हणजे शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांच्या शेतांची तपासणी करून द्यावयाची सहभाग हमी. अशा मालाच्या वेष्टनावर 'जैविक भारत' हे चिन्ह असते. लहान उत्पादकाने स्वतःचा माल थेट ग्राहकास विकला तर त्यास प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. दुकानातील उघड्या पोत्यावर खडूने 'सेंद्रिय' असे लिहिले म्हणून तो माल सेंद्रिय होत नाही. तेथे ग्राहक अधिक पैसे मोजतो ते केवळ त्या शब्दाचे. याउलट, ओळखीच्या लहान शेतकऱ्याजवळ प्रमाणपत्र नसले तरी त्याचा माल सेंद्रिय असू शकतो. रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळताना हंगामी पिकांसाठी किमान दोन वर्षांचा परिवर्तनकाळ पाळावा लागतो आणि प्रमाणीकरणाचा खर्च निराळा. हा भार लहान शेतकऱ्यास पेलत नाही, हे त्यामागील कारण.

सेंद्रिय शेतीत फवारणीच नसते, हीदेखील एक भ्रामक समजूत आहे. निंबोळी अर्क, गंधक, बोर्डो मिश्रण यांसारखी द्रव्ये तेथेही काही मर्यादांसह चालतात. तसेच सेंद्रिय असणे आणि भेसळमुक्त असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हळदीच्या पुडीतील रंगाची भेसळ, भुईमुगाच्या दाण्यांवरील बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन, पालेभाजीस लागलेले घाण पाणी या तिन्हींपैकी एकाचेही निवारण 'सेंद्रिय' या एका शब्दाने होत नाही. हळकुंडे आणून घरी कुटणे, बुरशी आलेले वा सुरकुतलेले दाणे निवडून टाकणे आणि भाजी नीट धुणे हेच त्यांवरील उपाय होत, आणि त्यांस फारसा खर्च येत नाही.

किडकी भाजी म्हणजे फवारणी न केलेली, आणि म्हणून आरोग्यदायी, असाही एक समज शहरांतून बळावला आहे. किडीच्या छिद्रांवरून फवारणी झाली नाही असे सिद्ध होत नाही. फवारणीस न जुमानणाऱ्या किडी शेतकऱ्यांस चांगल्याच परिचित आहेत. शिवाय कृमींनी खाल्लेली, सुकलेली, जून झालेली आणि ऋतूबाहेरची भाजी चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अन्नपानविधीच्या अध्यायात वर्ज्य मानली आहे, याचे स्मरण निदान आपण वैद्यांनी तरी ठेवावयास हवे.

उपलब्ध पुरावा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सेंद्रिय अन्नाने आरोग्यास लाभ होतो, असे म्हणण्यास आधार किती आहे? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या समीक्षेचा निष्कर्ष असा होता की, सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा सबळ पुरावा नाही. मात्र त्यामुळे कीटकनाशकांच्या अवशेषांशी येणारा संपर्क कमी होऊ शकतो. २०१४ साली ब्रिटिश पोषणविषयक नियतकालिकात आलेल्या समीक्षेत ३४३ शोधनिबंधांचा आढावा घेण्यात आला. तीत सेंद्रिय पिकांत काही प्रतिऑक्सिडीकारक घटक अधिक, तर कॅडमियम हा जड धातू व कीटकनाशकांचे अवशेष कमी आढळले. फ्रान्समधील सुमारे ६९ हजार प्रौढांच्या पाहणीत, २०१८ साली, सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्या गटात कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसले. परंतु ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या २०१४ सालच्या अभ्यासात एकूण कर्करोगाच्या प्रमाणात अशी घट दिसून आली नव्हती. सेंद्रिय अन्न घेणारा वर्ग बहुधा अधिक शिकलेला, अधिक मिळकतीचा आणि इतर बाबतींतही पथ्याने राहणारा असतो. त्यामुळे लाभाचे श्रेय नेमके कशास द्यावे, हे ठरविणे अवघड जाते.

आपल्या देशाविषयी बोलावयाचे तर केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या योजनेखाली देशभरातील अन्ननमुन्यांची तपासणी होत असते. २०१४-१५ या वर्षात तपासलेल्या २०,६१८ नमुन्यांपैकी १८.७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अवशेष आढळले आणि २.६ टक्के नमुन्यांत ते कमाल मर्यादेहून अधिक होते. या आकड्यांचे वाचन दोन प्रकारे करता येते. बाजारातील सर्व भाजी विषारी आहे, हे विधान त्यांवरून टिकत नाही. त्याचबरोबर चिंतेचे कारणच नाही, असेही म्हणता येत नाही. त्या वर्षी १२.५ टक्के नमुन्यांत जी कीटकनाशके आढळली, त्यांना त्या पिकांवर वापरण्याची मान्यताच नव्हती. शिवाय मर्यादा एकेका द्रव्यासाठी ठरविलेली असते, आणि माणूस तर ताटातील सर्वच पदार्थ एकत्र खातो.

आपल्यापैकी अनेकजण या अवशेषांस 'दूषीविष' म्हणतात. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात वर्णिलेले, शरीरातून पूर्णपणे बाहेर न पडलेले, कफाने आवृत होऊन दीर्घकाळ राहणारे आणि देश, काल, अन्न, दिवास्वाप यांनी पुन्हा प्रकुपित होणारे ते विष. ही उपमा विचारप्रवर्तक आहे, हे मान्यच केले पाहिजे. तथापि उपमा म्हणजे प्रमाण नव्हे. 'भाजीतील औषधामुळे तुम्हांस दूषीविष झाले आहे,' असे एखाद्या रुग्णास सांगून त्याच्या मनात भय घालणे हे निदानशास्त्रास धरून होत नाही.

शास्त्राची कसोटी

आहाराचे हिताहित ठरविण्यासाठी चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी ती आठ. आजच्या 'सेंद्रिय की नाही' या वादाकडे त्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? सेंद्रियत्वाचा संबंध प्रामुख्याने द्रव्य कोठे व कसे पिकले याच्याशी, म्हणजे आठांतील जेमतेम दोहोंशी येतो. उरलेल्या सहांविषयी ते चिन्ह काहीच सांगत नाही. सेंद्रिय मैद्याची बिस्किटे, सेंद्रिय साखर आणि सेंद्रिय तेलात तळलेले फरसाण हे पदार्थ आज आकर्षक वेष्टनांतून मिळतात. अग्निमांद्य असलेल्या स्थूल रुग्णाने ते अवेळी, पोटभर खाल्ले तर ते सेंद्रिय असल्याने त्यास कोणते पथ्य घडले?

याउलट, साध्या बाजारातील मूग, ज्वारी, दुधी भोपळा, ताक आणि ऋतूतील फळ मात्रेने व भुकेच्या वेळी खाणारा रुग्ण सेंद्रियाचे नावही न घेता पथ्याच्या बहुतेक अंगांचे पालन करीत असतो. ज्याच्याजवळ पैसा मोजका आहे, त्याने तो प्रथम आहाराचे वैविध्य व पुरेशी मात्रा यांवर खर्च करावा. सेंद्रियत्वाचा विचार त्यानंतर. हा क्रम आमच्या मते अबाधित राहिला पाहिजे. सेंद्रिय तूरडाळ परवडत नाही म्हणून घरात डाळच कमी शिजत असेल, तर तो सल्ला चुकला असे निःसंकोच म्हणावे लागेल.

'करण' या शब्दाखाली जलसंयोग व अग्निसंयोग यांबरोबर शौचाचाही, म्हणजे धुऊन स्वच्छ करण्याचाही, समावेश आचार्यांनी केला आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे हा अवशेष कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरील दोन कीटकनाशकांचे अवशेष निघून गेले. मात्र सालीच्या आत मुरलेला अंश तसाच राहिला. लिटरभर पाण्यात चहाचे दोन लहान चमचे सोडा, एवढाच हा खर्च. भाजी प्रथम अखंड धुऊन मग चिरावी. मुरलेल्या अंशासाठी साल काढणे हा उपाय असला तरी सालीबरोबर तिचे गुणही जातात, हे ध्यानी घ्यावे. पालेभाजी उकडून, पाणी पिळून काढून, स्नेहात सिद्ध करावी, हा संहितेतील विधी आपण सर्वजण शिकलो आहोत. तो अवशेषांसाठी सांगितलेला नसला तरी उकळीचे पाणी टाकून दिल्याने पृष्ठभागावरचा व पाण्यात विरघळणारा अंश काही प्रमाणात कमी होतो, हा त्याचा आनुषंगिक लाभ समजावा.

मर्यादित मिळकतीत क्रम कसा लावावा

रुग्णांकडून आजकाल काही याद्या आम्हांस दाखविल्या जातात. अमुक बारा फळभाज्या सेंद्रियच घ्याव्यात, अमुक पंधरा साध्या चालतील, असे त्यांत असते. अशा बहुतेक याद्या मूळच्या अमेरिकेतील असून तेथील पिके, तेथील औषधे व तेथील तपासणी यांवर आधारलेल्या असतात. स्ट्रॉबेरी, केल आणि अ‍ॅस्पॅरॅगस यांचा क्रम पाहून सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या गृहिणीने काय करावे? तिच्या पिशवीत भेंडी, वांगी, फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर आणि द्राक्षे असतात. सबब आपला क्रम आपल्या शेतावरून आणि आपल्या स्वयंपाकघरावरूनच लावावा लागेल.

जे कच्चे व सालीसकट पोटात जाते, ज्यावर काढणीच्या थेट अगोदरपर्यंत फवारणी होण्याचा संभव असतो आणि जे घरातील लहान मुले व गर्भिणी रोज खातात, त्यास प्रथम स्थान द्यावे. या कसोटीने द्राक्षे, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, भेंडी, वांगी, फ्लॉवर व कोबी ही वरच्या क्रमात येतात. भेंडी व वांगी यांचा तोडा दर दोन-चार दिवसांनी होत असल्याने फवारणी व तोडणी यांत पाळावयाचे अंतर बहुधा पाळले जात नाही. द्राक्षांचे उदाहरण तर बोलके आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेहून अधिक आढळल्याने माल अडकला आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. निर्यातीच्या द्राक्षांची बागनिहाय नोंद व प्रयोगशाळेत तपासणी होते. आपल्या गावच्या हातगाडीवर येणाऱ्या घडास तशी कोणतीही चाळणी नसते. कोथिंबीर, कढीपत्ता व मिरची ही तर गॅलरीतील कुंडीतही येतात. तेथे सेंद्रियाचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो.

ज्याचे जाड टरफल वा साल काढून टाकली जाते, जे जमिनीखाली वाढते किंवा जे कोरडवाहू जमिनीत फारशा निगराणीवाचून येते, त्यावर अधिक पैसे खर्च करण्याची घाई नको. नारळ, केळी, फणस, सुरण, रताळी, कुळीथ, मटकी, नाचणी, वरई ही त्यातली. डोंगराळ भागातील शेतकऱ्यास नाचणी-वरईवर औषध फवारणे परवडतच नाही. त्यामुळे हे धान्य प्रमाणपत्रावाचूनही बहुधा निर्धोक असते. तेच धान्य शहरात 'सेंद्रिय मिलेट' या नावाने चौपट दराने विकत घेण्यापेक्षा जव्हार, मोखाडा, अकोले यांसारख्या भागांतून येणाऱ्या विक्रेत्याकडून वा बचत गटाकडून घ्यावे. ग्राहकाचा पैसा वाचतो आणि पिकविणाऱ्याच्या हाती दोन पैसे अधिक जातात.

पावसाळ्यात येणाऱ्या रानभाज्यांकडेही आपण वैद्यांनीच रुग्णांचे लक्ष वेधावयास हवे. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, घोळ, शेवग्याचा पाला यांपैकी बहुतेकांना आपल्या निघंटूंत स्थान आहे आणि त्यांवर कोणी औषध फवारीत नाही. रस्त्याकडेच्या गटारालगत वा फवारलेल्या शेताच्या बांधावर खुडलेली भाजी मात्र टाळावी. नेमकी ओळख असल्यावाचून रानातून काही आणून खाऊ नये, हेही बजावून सांगावे.

ऋतूचा विचार हा या सर्वांचा पाया होय. ऋतूबाहेर पिकविलेल्या भाजीस किडी व रोग यांपासून राखण्यासाठी फवारणी अधिक लागते, हे कोणताही शेतकरी सांगेल. भर पावसात फ्लॉवर आणि ऐन वैशाखात मटार मागणारा ग्राहक त्या फवारणीस हातभार लावीत असतो. अनार्तव शाक वर्ज्य करण्याचा उपदेश पाळला तर पैसाही वाचतो आणि अवशेषही कमी होतात.

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. समजा, चौघांच्या एका कुटुंबास सेंद्रियासाठी महिन्याला तीनशे रुपये अधिक काढता येतात. तूरडाळीस किलोमागे साठ रुपये जास्त पडत असतील व महिन्याला चार किलो डाळ लागत असेल, तर एकट्या डाळीतच २४० रुपये संपले. आणि डाळ तर आपण धुऊन, भिजवून, शिजवून खातो. त्याच तीनशे रुपयांत, जुडीमागे दहा रुपये अधिक धरून महिन्याला दहा पालेभाज्या आणि किलोमागे वीस रुपये अधिक धरून दहा किलो टोमॅटो, भेंडी, वांगी खात्रीच्या शेतकऱ्याकडून घेता येतील. आकडे गावोगाव बदलतील. परंतु हिशेब याच रीतीने मांडावा.

गुळासंबंधी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आपण तो औषधी कल्पांतही वापरतो. पिवळाधमक गूळ मिळावा म्हणून काकवी उकळताना सोडियम हायड्रोसल्फाईट, ज्यास गुऱ्हाळावर 'हायड्रॉस' म्हणतात, ते घालण्याची पद्धत आहे. काळपट गूळ तो सेंद्रिय, असे मानून ग्राहक आता दुप्पट पैसे देतो. गुळाचा रंग उसाच्या वाणावर, जमिनीवर व कढईच्या आचेवरही अवलंबून असतो. त्यामुळे काळा रंग हे सेंद्रिय उसाचे प्रमाणपत्र नव्हे. रानभेंडीचा चीक वापरून रसाची मळी काढणाऱ्या, ओळखीच्या गुऱ्हाळावरून वर्षाचा गूळ एकदम घेणे हा अधिक खात्रीचा व स्वस्त मार्ग आहे.

फवारणाऱ्याचे काय?

येथवर आपण खाणाऱ्याचाच विचार केला. परंतु कीटकनाशकाचा पहिला आघात ज्याच्या अंगावर होतो, तो खाणारा नव्हे. २०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, अनेक औषधे एकत्र मिसळून फवारली जात होती आणि मजुरांच्या तोंडावर रुमालापलीकडे संरक्षण नव्हते. शहरातील ग्राहकाच्या ताटात जो अंश दशलक्षांत काही भाग एवढा मोजला जातो, तोच पदार्थ त्या मजुराच्या कातडीवरून ओघळत होता.

म्हणून सेंद्रिय अन्नास आमचा पाठिंबा आहे, आणि तो मनःपूर्वक आहे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी खात्रीचे सेंद्रिय अन्न अवश्य घ्यावे, योग्य दर द्यावा आणि त्या शेतकऱ्यास परिवर्तनकाळातही सोडून जाऊ नये. मात्र तसे करण्याचे खरे कारण त्यांस सांगावे. माती, पाणी आणि फवारणारा माणूस यांचे रक्षण, हे ते कारण. तुमच्या संधिवातावर वा मधुमेहावर यामुळे उतार पडेल, असे अभिवचन त्यास जोडू नये. ग्रामीण भागातील वैद्यांवर याहून मोठी जबाबदारी येते. शिरःशूल, छर्दी, दृष्टिमांद्य, लालास्राव ही लक्षणे घेऊन खरिपात येणाऱ्या रुग्णास 'गेल्या दोन दिवसांत फवारणी केली का?' हा प्रश्न प्रथम विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर औषधाच्या डब्यासह त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे आपल्या काढ्याचा आग्रह धरू नये.

वैद्य आणि दुकान

शेवटी एका नाजूक विषयास हात घालणे भाग आहे. काही चिकित्सालयांतून आज सेंद्रिय तूप, मध, गूळ, तांदूळ, घाण्याचे तेल यांची कपाटे दिसू लागली आहेत. उत्तम वस्तू रुग्णास सहज मिळावी, हा हेतू असू शकतो. परंतु पथ्याचा कागद ज्या हाताने लिहावयाचा, त्याच हाताने त्या पथ्याची किंमत घ्यावयाची, यातील धोका उघड आहे. वैद्याने 'सेंद्रिय तूपच खा' असे म्हटल्यावर 'तुमच्याच कपाटातील का?' हा प्रश्न रुग्ण तोंडाने विचारीत नाही. मनात मात्र तो विचारतो. हा विश्वास एकदा ढळला म्हणजे आपल्या निदानाविषयीही शंका उत्पन्न होते. ज्यांना अशी विक्री करावयाचीच असेल त्यांनी मालाचे प्रमाणपत्र दर्शनी ठेवावे, दर लिहून लावावा आणि तीच वस्तू अन्यत्र कोठे मिळते हेही रुग्णास सांगावे. याहून उत्तम म्हणजे संघटनेच्या शाखांनी आपापल्या तालुक्यातील खात्रीच्या शेतकऱ्यांची व आठवडी बाजारांची सूची तयार करून ती प्रतीक्षाकक्षात लावावी. त्यात कोणाचीही दलाली नसावी.

पथ्याच्या कागदावरील ती एक ओळ खोडून तिच्या जागी काय लिहावे, असे कोणी विचारील तर आमची सूचना साधी आहे. प्रथम रुग्णास विचारावे की, घरी किती माणसे जेवतात, भाजी कोठून येते आणि महिन्याला अधिकचे किती निघू शकतील? मग त्याच्या उत्तराप्रमाणे दोन वा तीन वस्तूंची नावे लिहावीत आणि बाकीच्यांसाठी ऋतू, धुणे व शिजविणे यांच्या सूचना द्याव्यात. ज्यास काहीच अधिक काढता येणार नाही, त्याच्या कागदावर 'सेंद्रिय' हा शब्दच नसावा. त्याचे पथ्य त्याविना अपुरे राहत नाही.

चरकाचार्यांनी उपकल्पनीय अध्यायात संशोधनासाठी भव्य गृह, परिचारक आणि नाना उपकरणे यांचे सविस्तर वर्णन केले आहे. त्याच अध्यायात पुढे ते निर्धन रुग्णाकडेही वळतात. दुर्लभ सामग्रीची जमवाजमव न करता, जे हाती असेल त्यानिशी त्याची चिकित्सा व्हावी, असा त्यांचा आदेश आहे, कारण रोग होताना कोणाची मिळकत पाहून होत नाहीत. ज्यांच्या ग्रंथाचे नाव घेऊन आपण व्यवसाय करतो, त्यांनी गरीब रुग्णासाठी ही जागा राखून ठेवली आहे. आपल्या पथ्याच्या कागदावरही ती राखली जावी, एवढीच आमची समस्त व्यवसायबंधूंस विनंती आहे.